एकमताचे दिवस

आमच्या वस्तीला शेवटपर्यंत नाव मिळालं नाही, कारण नावावर एकमत झालं नाही. फाटकाशी लावायची पाटी मात्र आधीच करून आणलेली होती. फणसाच्या लाकडाची, निळा रंग दिलेली, फक्त अक्षरं घालायची राहिलेली. ती तशीच दोन खांबांवर उभी केली. थोड्याच दिवसांत इब्रामपूरला येणाऱ्या बसचा कंडक्टर आमच्या वळणावर ओरडू लागला, “रिकामी पाटी! रिकाम्या पाटयेक कोण?” आणि आम्ही निमूट उतरायचो.

मी तिथे आले ती लग्न करून. माझं माहेर सावंतवाडीकडचं, नवरा पेडण्याच्या शाळेत मास्तर. मुलगी पाहायला आला तेव्हा चहाचा कप हातात धरून तो एकच वाक्य बोलला, “एक आधीच सांगायला हवं. मी खाजगी मालमत्ता मानत नाही.” आईला वाटलं, हुंडा नको म्हणतात. तिने आत येऊन माझ्या तोंडात साखर घातली. लग्नानंतर माझी भांडी, आईने दिलेली समई आणि शिलाईचं मशीन एका सामायिक खोलीत जाऊन बसलं, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला कळला.

वस्ती भाईंची. म्हणजे जमीन त्यांची, पण असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. भाई साठीचे, उंच, खादीतले, पोर्तुगिजांच्या अमदानीत सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आलेले. डोंगराच्या उतारावरची काजूची बाग आणि खालचं भातशेत त्यांनी ‘प्रयोगा’ला दिलं होतं. माणसांनी एकत्र राबावं, एकत्र जेवावं आणि कुणी कुणावर सक्ती करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पण ते सांगायला त्यांना दीड तास लागे.

त्यांच्या शेजारच्या खोलीत प्रोफेसर राहत. म्हापशाला कॉलेजात शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं, आणि भाईंवर त्यांची श्रद्धा होती. दोघे पेडणे तालुक्यातल्या शेजारशेजारच्या गावांतले. सकाळी एकाच बाकावर बसून दोघे एकच वर्तमानपत्र वाचत, एकाने वरचं पान, दुसऱ्याने खालचं. तिसरा गवंडी. हा बेळगावकडचा, गळ्यात तुळशीची माळ. वस्तीची विहीर बांधायला आला आणि विहीर संपल्यावर, “इथं बरं वाटतंय की,” म्हणून राहिला. मग माझा नवरा आणि मी. आणि काकी.

काकी भाईंच्या बायको. त्यांची गोष्ट वेगळी होती. वस्तीचे सभासद आम्ही पाचच, काकी सभासद नव्हत्या. भाईंनी पहिल्या दिवशी त्यांना रीतसर विचारलं होतं. काकी म्हणाल्या, “तुमी बसा तुमच्या सभेत. हांव भात बगतां.” त्यामुळे कुठलाच नियम त्यांना लागू होत नव्हता, आणि स्वयंपाकघर मात्र सगळं त्यांच्या हातात होतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आमच्यातल्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सभा रोज संध्याकाळी. बहुमत भाईंना मान्य नव्हतं. बहुमत म्हणजे थोड्यांवर पुष्कळांची सक्ती. म्हणून सगळं एकमताने. संमती असली तर हात वर, नसली तर हात छातीशी आडवा. एक हात जरी आडवा झाला तरी ठराव पडला.

पहिला ठराव शाकाहाराचा. तो पास झाला तेव्हा आम्ही सगळे काकींच्या हातचं बांगड्यांचं हुमण खाऊन सुस्त बसलो होतो. भाईंनी अहिंसेवर फार सुंदर विवेचन केलं. पोट इतकं भरलेलं होतं की मासा या विषयावर कुणाला आसक्तीच उरली नव्हती. सगळे हात वर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात दुधी आला तेव्हा प्रोफेसर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. पण आता ठराव मोडायलाही एकमत लागणार होतं, आणि आपण डळमळलो हे आधी कोण कबूल करणार?

गवंडी सुरुवातीला कोपऱ्यात बसायचा आणि सगळ्यांचे हात वर गेले की आपलाही वर करायचा. एकदा भाईंनी प्रस्ताव आणला की वस्तीत साबण बंद करून सगळ्यांनी शिकेकाईने आंघोळ करावी. नेमका त्याच वेळी गवंड्याला खांद्यावर मुंगी चावली आणि त्याने हात आडवा नेऊन खाजवलं. भाई गंभीर झाले.

“तुमचा विरोध आम्ही मानतो. ठराव नामंजूर.”

गवंड्याला आधी काही कळेना. “म्हंजे? मी एकटा नको म्हटलं तर थांबतंय?”

“थांबतं.”

“प्रोफेसरसाहेब हो म्हटले तरी?”

“तरीही.”

“कारण सांगाय लागतंय काय?”

“सक्ती नाही.”

गवंडी बसल्या जागी ताठ झाला. आयुष्यभर मुकादमाचं आणि ठेकेदाराचं ऐकलेला माणूस तो. मग म्हणाला, “बेस हाय की हे!”

त्यानंतर त्याने मागे वळून पाहिलं नाही. शेळ्या पाळायला त्याचा हात आडवा. मधमाश्यांच्या पेट्यांना आडवा. पहाटेच्या प्रार्थनेला तर दोन्ही हात आडवे. पाटीवरच्या नावासाठी भाई आणि प्रोफेसर एकेक सुंदर संस्कृत शब्द शोधून आणत, आणि गवंडी प्रत्येक नाव दोनदा म्हणून बघत असे, “तोंडात बसंना” म्हणत असे आणि हात आडवा करत असे. मला त्याचा राग यायचा, पण साबण वाचला म्हणून मी त्याला मनातून सगळं माफ केलं होतं.

शाकाहाराचं मात्र छान चाललं होतं. काकींच्या भाज्यांना अशी काही चव असे की पाहुणे बोटं चाटत. पणजीहून, बेळगावहून कार्यकर्ते वस्ती बघायला यायचे, जेवायचे आणि विचारायचे, “साध्या तांबड्या भाजीला ही चव कशी काय?” भाई डोळे मिटून सांगत, “ही श्रमाची चव आहे. सामुदायिक श्रमाची.” एकाने ते आपल्या भाषणात घेतलं असं आम्ही ऐकलं. काकी दारात उभ्या राहून हे ऐकायच्या आणि पदराने तोंड पुसायच्या.

अशी दोन वर्षं बरी गेली. मग भाषेचा वाद पेटला.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा वाद जुनाच होता. पण गोवा घटक राज्य होणार, होणार म्हणता म्हणता तो रस्त्यावर आला. म्हापशात मोर्चे निघू लागले. वाटेत झाडं आडवी पडू लागली, बसच्या काचा फुटू लागल्या. आमच्या वस्तीत काच नव्हती, पण बाक होता. एका सकाळी भाईंनी वर्तमानपत्राचं वरचं पान वाचून म्हटलं, “मराठीशिवाय गोव्याला तोंड नाही.” प्रोफेसर खालच्या पानाआडून म्हणाले, “तोंड आपलं आहे, ते कोंकणी आहे.” भाईंना वाटलं, थट्टा आहे. प्रोफेसरांनी पान खाली केलं तेव्हा थट्टा नाही हे कळलं. दुसऱ्या दिवसापासून बाकावर एकटे भाई, आणि प्रोफेसर विहिरीच्या कठड्यावर.

गंमत अशी की दोघे जन्मापासून एकच भाषा बोलत आले होते. पेडण्याची. ‘खंय गेल्लो’, ‘कितें केलें’ म्हणत दोघांची मैत्री झालेली. पण आता दोघांनीही आपापली भाषा धुवायला काढली. भाई छापील मराठी बोलू लागले. तीही साधी नाही. “भोजनास अजून किती अवकाश आहे?” असं त्यांनी काकींना विचारलं तेव्हा काकींना वाटलं, त्यांना ताप भरलाय. घरातले पोर्तुगीज शब्दही हद्दपार झाले. जनेल गेलं, खिडकी आली. मेज गेलं, टेबलावर इंग्रजीचा संशय आला, म्हणून शेवटी ‘त्या चौपायीवर ठेवा’. प्रोफेसर दुसऱ्या टोकाला. सभेला ते ‘बसका’ म्हणू लागले, योजनेला ‘येवजण’. काही शब्द तर असे काढत की इब्रामपुरातली म्हातारी माणसंसुद्धा नम्रपणे मान हलवून निघून जात.

दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. पण समजतं असं दाखवणं म्हणजे हार. म्हणून मध्ये मला बसवलं.

“त्यांना विचारा, गुरांना पाणी दाखवले आहे काय?” भाई माझ्याकडे बघून म्हणत. प्रोफेसर चार हातांवर बसलेले असत.

मी म्हणायचे, “गोरवांक पाणी दाखवलास काय, इचारतत.”

यावर प्रोफेसर पाण्याचं राहू देत आणि आनंदाने म्हणत, “पळयलें? ही बाय कोंकणी उलयता!”

“ती मालवणी आहे,” भाई उसळत. “मालवणी ही मराठीची बोली.”

“मालवणी कोंकणीची बोली!”

मी मीठ मागितलं तरी कुणाचा तरी पुरावा होत असे. शेवटी मी जेवताना बोटाने दाखवू लागले. गाय तेवढी तहानलेली राहायची.

शेवटी हे सभेपुढे आलं. वस्तीची भाषा कोणती? भाईंनी मराठी मांडली, प्रोफेसरांचा हात आडवा. प्रोफेसरांनी कोंकणी मांडली, भाईंचा हात आडवा. मी म्हटलं, दोन्ही ठेवा. त्यावर गवंड्याचा हात आडवा.

“तुमचं काय आता?” मी विचारलं.

“दोन ठेवताय तर कानडी बी ठेवा. माझ्या आईची भाषा कानडी हाय. ती काय फुकट हाय?”

सभा चालतच राहिली. आज ठरेना म्हणून उद्या, उद्या ठरेना म्हणून परवा. शेत राहिलं, कुंपण राहिलं. तेव्हा माझा नवरा, जो सभेत कधीच बोलत नसे, उभा राहिला. सगळे चकित झाले. तो म्हणाला, “एकमत होईपर्यंत सगळ्यांनी मौन पाळावं. लिहायचंही नाही, कारण लिहिणार तरी कुठल्या भाषेत? म्हणजे कुणाचीच भाषा वरचढ होणार नाही.”

हे इतकं समतेचं होतं की भाईंचे डोळे भरून आले. प्रोफेसरांनी हात वर केला. आम्ही सगळ्यांनी गवंड्याकडे पाहिलं. तोही दमला असावा. त्याचा हात वर गेला. मौन सुरू झालं.

आणि सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बोलायचंच नसेल तर एकमत होणार कसं? मी प्रोफेसरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांच्याही हे आत्ताच लक्षात आलंय. पण आता सांगायचं कसं? मौन होतं.

ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं. भाई हातवारे करण्यात अगदीच कच्चे निघाले. त्यांनी कोयता मागितला की आम्ही त्यांना केळं आणून द्यायचो. गवंडी पटाईत. त्याने एका हाताने ‘चुन्यात पाणी जास्त झालंय, मास्तरांनी घातलं, मी नव्हे’ एवढं सगळं सांगितलेलं मी पाहिलंय. माझा नवरा इतका सुखात होता की त्याचे गाल वर आले. मी गोठ्यात जाऊन वासराशी बोलून घ्यायचे.

आणि काकी बोलत होत्या. त्या सभासद नव्हत्या, त्यांना मौन नव्हतं. सकाळी चूल पेटवल्यापासून त्या सुरू व्हायच्या. भाई समोर ताटावर, आणि काकी मांडी घालून बसलेल्या.

“इतकीं वर्सां हो मनीस उलयता आनी हांव आयकतां. आतां तूं आयक. तूं बंदखणींत गेल्लो, लोकांनी हार घातले. म्हाका कोणें विचारलें, घरांत तांदूळ आसा काय ना? तुज्या भावान म्हजी म्हस विकली, तें तुका खबर आसा? ना! तूं आयलो तो देशाचेंच सांगीत आयलो.”

भाईंना म्हशीचं खरंच माहीत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, बंद केलं, आणि दोन्ही हात जोडले. काकी खूश झाल्या आणि त्यांनी दुसरा विषय काढला. लग्नात भाईंच्या आत्याने काय म्हटलं होतं, तिथपासून सगळं निघालं. आम्ही भाजी वाढून घेत ऐकत होतो. मला वाटतं, वस्तीत खरा प्रयोग झाला असेल तर तो त्या दिवसांत.

मग तो शुक्रवार आला. काकी अधूनमधून शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जात, चिंच-मिरची आणायला. त्या दिवशीही पहाटेच्या बसने गेल्या. दुपारची बस आली नाही. संध्याकाळची वेळ झाली तरी बसचा पत्ता नाही. गावातला एकजण सायकलवरून आला आणि ओरडून गेला की पेडण्याकडे रस्ता अडवलाय, झाडं टाकलीत, गाड्या बंद आहेत.

भाई ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. काही वेळाने प्रोफेसर विहिरीवरून उठून आले आणि त्यांच्यासमोर चपला घालून उभे राहिले. दोघे एकमेकांकडे न बघता फाटकाकडे चालू लागले. मीही निघाले. नवरा आणि गवंडी गुरांपाशी राहिले.

चिऱ्यांच्या एका ट्रकला प्रोफेसरांनी हात केला. ड्रायव्हरने खूप प्रश्न विचारले. आम्ही तिघांनी तीन दिशांना हात केले. त्याने वैतागून आम्हाला मागे चिऱ्यांवर बसवलं आणि पेडणे जवळ आल्यावर, पुढे रस्ता बंद दिसला तेव्हा, उतरवलं. वळणावर भलामोठा आंब्याचा बुंधा आडवा टाकलेला. त्याच्यावर दहा-बारा तरणे गडी बसलेले, हातात दांडे. आम्हाला बघून उठले.

त्यातला एक दाढीवाला पुढे आला. “कोण तुमी? खंयचे?”

आम्ही गप्प.

“कोंकणी काय मराठी?”

ही माणसं कोणत्या बाजूची होती ते आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. उत्तर चुकलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. भाई मराठीसाठी जीव देणारा माणूस, प्रोफेसर कोंकणीसाठी. दोघांच्या मानेवरच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या. पण वस्तीच्या मौनाचा ठराव एकमताने झालेला होता, आणि तत्त्व मोडण्यापेक्षा डोकं फुटलेलं दोघांनाही परवडलं असतं. भाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि मान हलवली. प्रोफेसरांनीही तसंच केलं.

दाढीवाल्याचा आवाज एकदम खाली आला. “अरे, मुके मरे हे! दोगूय!”

“भाव-भाव दिसतात,” दुसरा म्हणाला.

“आनी ही बाय?”

मीही मान हलवली. काय करणार?

“देवा, सगळें घरच मुकें!”

त्यांनी आम्हाला बुंध्यावर जागा करून दिली. कुणीतरी जवळच्या दुकानातून पाव-भाजी आणि चहा आणला. एकाने भाईंच्या खांद्यावर टॉवेल टाकला. एकजण प्रोफेसरांच्या कानाशी येऊन मोठमोठ्याने ओरडत होता, “भि-यें-ना-कात!” प्रोफेसरांनी कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, पण इतक्या मायेने त्यांच्याशी कुणी बोललं नसेल. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. भाईंनी आपल्या पावातला तुकडा मोडून त्यांच्या हातात ठेवला. किती दिवसांनी एकमेकांच्या हातचं काही घेत होते.

एवढ्यात पलीकडून आवाज आला. आधी आवाज आणि मग माणूस. काकी डोक्यावर भली मोठी पाटी घेऊन चालत येत होत्या, वर लाल फडकं बांधलेलं, आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला बसवाल्यांबद्दल काही ना काही सांगत. बुंध्यापाशी आल्या आणि थबकल्या.

“अगे बाय! हांव धारगळीसावन चलत येतां, पांय मोडले म्हजे, आनी हे हांगा बसून चाय पितात!”

दाढीवाला म्हणाला, “काकी, मोट्यान उलयू नाका, बिचारे मुके आसात.”

“मुके?” काकींनी पाटी खाली टेकवली. “हो मुको? ह्याचें तोंड बंद करपाक पोर्तुगेजांक जमूंक ना!”

सगळे आमच्याकडे बघू लागले. दाढीवाल्याचा चेहरा बदलला. तो परत दांडा उचलणार, इतक्यात काकींनीच त्याला पकडलं. “बगतो कितें? ओझें उखल! फुडल्या वळणार हाडून दी.” तो बिचारा वाकला. फडक्याची गाठ सैल झाली होती, ती सुटली, आणि पाटी एका बाजूला कलंडली.

वास आला. मग दिसलं. वर थोड्या मिरच्या आणि चिंच, आणि खाली गच्च भरलेली सुकी सुंगटं, सुके बांगडे, आणि गालमो, म्हणजे आमचा बारीक सुका जवळा, मोठ्या पुड्यात.

भाई उठून उभे राहिले. चहाचा पेला हातातून पडला.

“हें कितें?” त्यांच्या तोंडून निघालं.

“गालमो,” काकी म्हणाल्या.

“कोणाक?”

“तुमकांच. तांबडे भाजयेंत घालपाक. दोन वर्सां खातात.”

भाईंना बसावं लागलं. मला माझ्या तोंडातली प्रत्येक भाजी आठवली, तो दुधी, ते वाल, ती पाहुण्यांनी वाखाणलेली तांबडी भाजी. प्रोफेसर एकदम हसायला लागले. इतके हसले की त्यांना बुंध्याचा आधार घ्यावा लागला. “श्रमाची चव!” ते कसेबसे म्हणाले. “भाई, सामुदायिक श्रमाची चव!”

भाई थरथरत होते. मी घाबरले. मग कळलं, तेही हसतायत.

पुढच्या वळणापर्यंत दाढीवाल्याने पाटी आणून दिली. तोपर्यंत त्याला सगळी हकीकत काकींकडून कळली होती. तो परत वळताना म्हणाला, “तुमचो मठ खंय तो? केन्नाय येतां जेवपाक.” पुढे आम्हाला एका ओळखीच्याची गाडी मिळाली. घरी पोचेपर्यंत भाई आणि प्रोफेसर भांडत होते. मौन आधी कुणी मोडलं? भाईंनी. पण कोणत्या भाषेत? “‘हें कितें’ ही कोंकणी!” प्रोफेसर म्हणाले. “ती मराठीची पेडण्याकडची बोली!” भाई म्हणाले. पण हे सगळं ते आपल्या जुन्या पेडण्याच्या भाषेत म्हणत होते, एकमेकांच्या तोंडावर, मोठ्याने, आणि मध्ये मी कुणालाच नको होते. मी चिंचेच्या पुड्याला टेकून झोप काढली.

दुसऱ्या दिवशीची सभा मला सगळ्यात जास्त आठवते, कारण मला गवंड्याची भीती वाटत होती. माळकरी माणूस. दोन वर्षं त्याच्या पोटात मासा गेला असेल तर? भाईंनी मान खाली घालून त्याला सगळं सांगितलं, म्हणाले, “आमच्या हातून तुमचा अपराध झाला.” गवंड्याचा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “त्याका कित्याक भियेयतात? त्याचें पयल्यासावन वेगळें काडटां. त्याची तवली वेगळी, त्याची दवली वेगळी. म्हाका कळना?”

गवंडी उठला आणि दारापर्यंत गेला. वाकून काकींच्या पाया पडला. मग परत येऊन बसला, आणि त्याला हळूहळू उमगलं की वस्तीचा पहिला ठराव दोन वर्षं पाळणारा तो एकटाच आहे. त्याची छाती फुगली. भाईंनी शाकाहाराचा ठराव मागे घ्यायचं मांडलं. आमचे हात वर गेले, आणि सगळे त्याच्याकडे बघत बसले. एवढी मोठी संधी त्याला यापूर्वी मिळाली नव्हती.

“खावा तुम्ही,” तो म्हणाला आणि हात वर केला. “माझं येगळं काढतायत तवर माझं काय म्हणणं न्हाई.”

त्या दुपारी बांगडे झाले. ताटावर कुणी कुणाशी बोललं नाही, पण ते मौन नव्हतं.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे कधीच सुटला नाही. तिकडे पणजीत कायदा झाला. कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही वापरात जागा राहिली. भाई म्हणाले आपण हरलो, प्रोफेसरही म्हणाले आपण हरलो, आणि दोघांनी मिळून दोन दिवस उपास केला. घटक राज्य झालं त्या दिवशी गवंड्याने कुणाला न विचारता सगळ्यांना गुळाचा शिरा केला. तो जरा करपला होता.

मग वस्ती आपोआप पातळ होत गेली. माझ्या नवऱ्याची बदली डिचोलीला झाली, मुलगी झाली, तिच्या शाळेचं बघायला हवं होतं. सामायिक खोलीतून शिलाईचं मशीन बाहेर काढताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. नवरा एका टोकाला धरून उभा होता. म्हणाला, “तसं ते तुझंच होतं.” लग्नाआधीच्या वाक्यानंतर खाजगी मालमत्तेवर तो बोललेला हा दुसरा शब्द. गवंड्याला तेव्हा म्हापशाकडे बांधकामं मिळू लागली, त्याने बेळगावहून बायको आणली आणि तिकडेच घर केलं. ती त्याला घरात एक ठराव पास करू देत नाही असं तो स्वतःच सांगायचा.

भाई गेले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी इब्रामपूरला गेले. काकी ओसरीवर बसल्या होत्या. आता ऐकायला थोडं कमी येत होतं, बोलणं तेवढंच होतं. प्रोफेसर तिथेच राहत होते. नोकरी संपली होती, पण म्हापशाला दर शुक्रवारी जायचे, काकींना मासे आणायला. काकींच्या मते त्यांना ताजा मासा अजून ओळखता येत नाही.

मी त्यांना विचारलं, “काकी, तो सगळा प्रयोग तुमका कसो वाटलो? खरां सांगा.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

“बरो आसलो गो,” त्या म्हणाल्या. “दादले भांडीं घासताले.”

आत मोरीवर प्रोफेसर कढई घासत होते. काकींनी तिथूनच ओरडून त्यांना सांगितलं की काळं राहिलंय, राख जास्त घ्या.